तांबडा तारा

वडगावात आमच्या गल्लीत मीटर बसले
त्या दिवशी लाईट नव्हती, माग थांबलेले,
म्हणून पहार फरशीवर पडली ती सगळ्यांनी ऐकली.
निळ्या झाकणाचा, कुंद्याच्या डबीएवढा.
बसवणारा म्हणाला, "वापराल तेवढंच भरायचं, अक्का.
पैसे वाचतात की."

त्याआधी पाणी पाचव्या दिवशी,
कधी रात्री अडीचला, कधी पहाटे.
मी नळाकडे कान करून निजायची.
आधी हवा यायची, नळ खोकायचा,
मग गढूळ, मग राकसकोपचं स्वच्छ.
दोन बॅरल, सात घागरी, पोरीचा टब,
एकदा तर कुकरसुद्धा.
आणि नवं आलं की जुनं शिळं म्हणून मोरीत.
महिन्याची रक्कम ठरलेली,
ओता नाहीतर प्या.

आता हिशेब आला.
ह्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रकाने आखले:
तारीख, कालचा आकडा, आजचा आकडा.
मी भांडी विसळत असले की मागून, "नळ गं!"
शिल्पा केस धुते त्या दिवशी
हे मीटरपाशी बसून राहतात,
आजाऱ्याची नाडी धरल्यासारखे.

बिल कानडीत येतं.
आकडा आम्हाला कळतो, बाकीचं शेजारची नीलव्वा वाचून देते.
ती लेकीकडे गोकाकला गेली होती,
म्हणून पहिली दोन बिलं आकड्यावरच भागवली.
पहिलं एकशे बारा. पूर्वीच्या निम्मं.
हे खूष होऊन पाव किलो कुंदा घेऊन आले.
म्हटलं, वाचलेले ह्यात गेले.
दुसरं एकशे सहा.
तिसरं आलं तेव्हा नीलव्वा परतली होती.
चष्मा लावून तिनंच वाचलं,
"नानूर नलवत्तु… अय्यो, चारशे चाळीस! एवढं कसं गं?"
तिचं स्वतःचं बिल नुसतं कमीत कमी रकमेचं,
मीटर जागचा हललेला नाही.
ती गल्लीभर सांगत होती,
मीटर आला आणि माझे पैसे वाचले.

त्या रात्री सगळे नळ पिळून बंद केले
आणि आम्ही दोघं बॅटरी घेऊन मीटरपाशी उकिडवे बसलो.
काचेखाली एक बारका तांबडा तारा असतो,
पाणी चाललं तरच फिरतो.
पोरगी झोपलेली. टाकी भरलेली.
तारा फिरत होता.
हळू,
कुणी पलीकडे तांब्या भरावा इतका हळू.

रुद्राप्पा प्लंबर आला. एक फरशी उचलली, मग दुसरी,
मग भिंतीपाशी बसला आणि हसायलाच लागला.
गळती कुठली? जोड होता.
अर्ध्या इंचाची नळी, गंजून मातीच्या रंगाची,
भिंतीखालून नीलव्वाच्या मोरीत गेलेली.

मामंजींचं काम. दुसऱ्या कुणाचं असणार?
तिच्या बाळंतपणात तिचा नळ आटला होता म्हणे,
तेव्हा कधीतरी, कुणाला न सांगता.
बहुतेक तिच्या नवऱ्यालाच सांगून. तोही गेला.
पाण्याला आकडा नव्हता तोवर
हे दिलेलं कुठं दिसायचंच नाही.
मीटरनं एवढं मात्र केलं,
मामंजींचं गुपित
लिटरमध्ये मोजून आमच्या हातात ठेवलं.

"कापू काय?" रुद्राप्पानं विचारलं,
करवत हातातच.
ह्यांनी कॅलेंडर उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.
तोंडानं काही नाही.
भिंतीपलीकडे बादलीत धार पडत होती
आणि नीलव्वा कुणाला तरी ओरडत होती, कानडीत,
नळ बंद कर म्हणून.
मी चहा ठेवला. पाणी तीन कपांचं घेतलं,
मग आणखी एका कपाचं.

त्याला दोन हप्ते झाले.
फरशी अजून बसवलेली नाही, वर पाट टाकलाय.
मीटरनं पैसे वाचतात का, असं गल्लीत कुणी विचारलं
तर हे म्हणतात, बघू.
पुढचं बिल पाच तारखेला येईल.
वाचून घ्यायला
तिच्याकडेच जावं लागणार.