डाव्या बाजूचं सील

उद्यमबागेत आमच्या शेडमध्ये
चहालासुद्धा कटिंग ऑइलचा वास येतो.
तिथं भरमू घाडी गोणपाट घेऊन आला.
रिक्षातून उतरवताना कुणाला हात लावू दिला नाही.
गर्लगुंजीचा माणूस. पलटणीतून हवालदार होऊन परतला,
आता काजू बघतो.

गोणपाटात इंजिन. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर,
पंख्याच्या जाळीत पाखराचं जुनं घरटं.
"बर्फावरची स्कूटर होती," म्हणाला.
मी हसलो. आमच्याकडं बर्फ म्हणजे
फिश मार्केटातली लादी, भुशात गुंडाळलेली.
तो हसला नाही.
काजळी पुसायच्या आधी त्यानं नंबर म्हणून दाखवला,
नऊ आकडे, पाढ्यासारखे.
पुसलं. तोच.
किती लिलाव, किती भंगारवाले पालथे घातले
ते त्यानं सांगितलं नाही.

हेडचे नट दोन रात्री डिझेलात भिजत ठेवले.
सिलिंडर निघेना. लाकडी हातोडा, थोडा शेक,
परत हातोडा, थोड्या शिव्या.
उजवा पिस्टन चांगला निघाला.
डाव्याच्या माथ्याला भोक,
करंगळी जाईल एवढं,
कडा मेणबत्तीसारख्या ओघळलेल्या.

भरमू रोज दहाच्या बसनं यायचा, स्टुलावर बसायचा.
पाचव्या दिवशी बोलला.
"तेल मी मिसळलं होतं.
बोटं चालत नव्हती. माप भरलं
का अर्धं बाहेर सांडलं, आजपण आठवत नाही.
मागं इरगोंडा बसलेला, ताप डोक्यात गेलेला.
चार किलोमीटर राहिले, आणि हे आवळलं."
"मग?"
"मग चालत."
शेजारच्या शेडात प्रेस पडत होता, ठाक, ठाक.
पुढचं मी विचारलं नाही.

क्रँककेस उघडलं तेव्हा दस्तगीर बोअरिंगवाला आला होता.
डाव्या बाजूचं सील त्यानं नखानं दाबलं.
ओठाला चीर, रबराचा दगड.
"सील होग्यादरी," म्हणाला.
चिरेतनं हवा आत शिरते, मिश्रण पातळ पडतं,
आग वाढते, पिस्टन वितळतो.
आता रबर काय, नुसतं पडून पडूनही कडक होतं,
चीर तेव्हाची का नंतरची
ते कुठल्या मायक्रोमीटरवर दिसत नाही.
म्हणून मी उजवा पिस्टन भरमूच्या हातात दिला.
"ह्यानंही तेच तेल प्यायलं होतं," म्हटलं,
"एकाच डब्यातलं."

त्यानं तो बराच वेळ फिरवून बघितला,
अंगठा घासून बघितला.
मला वाटलं आता ओझं उतरेल.
तर म्हणतो कसा,
"सील बदलायला किती वेळ लागतो?"
"इथं? एक दिवस."
"आणि तिथं?"
"तिथं नाही जमत, भरमूमामा."
तरी तो मनात कसला तरी हिशेब करत राहिला.

पिस्टन इथंच ओतून घेतले, लेथवर उतरवले.
दस्तगीरनं अर्धा मिलिमीटर बोअर वाढवला,
होनिंगच्या तिरक्या रेघा जाळीसारख्या उमटल्या.
नवी सीलं, नव्या रिंगा, बेअरिंगं.
जेट आमच्या उन्हाला बेतून बदलला.
जुनं सील भरमूनं पुड्यात बांधून खिशात टाकलं.

एप्रिलची दुपार, पत्रा तापलेला.
दोरी त्यानंच ओढली. एकदा. सहादा.
सातव्याला खोकलं, नवव्याला धरलं,
निळा धूर सगळ्या शेडभर,
पलीकडची पोरं जेवणाचे डबे टाकून पळत आली.
भरमूनं डाव्या सिलिंडरवर तळहात ठेवला
आणि पोळेपर्यंत काढला नाही.

मी बंद केलं.
दस्तगीर विचारतो, "ह्याच्यावर चालवणार काय पण?"
"काही नाही," भरमू म्हणाला.
"गार होऊ दे.
मग परत चालू करू."