उजवीकडे कललेली मान

म्हापशाच्या बाजारात, माडीवर,
बत्तीस वर्षं माझा फोटो स्टुडिओ.
किती हनुवट्या या दोन बोटांनी सरळ केल्या:
नवरदेवांच्या, पाद्रींच्या,
बोटीवर निघालेल्या खलाशांच्या.
फक्त कुंदाची मान होती तशी राहू दिली.

गेल्या चवथीला नेवऱ्या तळताना
तिला कढईत दुप्पट नेवऱ्या दिसल्या.
दुसऱ्या दिवशी स्टुडिओचा जिना उतरताना
नसलेल्या पायरीवर पाय टाकला.
चष्मा बदलला. साखर तपासली.
शेजारणीनं मिरच्या-मीठ ओवाळून दिष्ट काढली.
मेंदूचा फोटो निघाला,
माझ्या सगळ्या फोटोंहून महाग,
आणि त्यात काहीच नव्हतं.

बांबोळीला डॉक्टर इव्होन रिबेलोंनी
डोळ्यांपुढे पेन फिरवलं, एकेक डोळा झाकला,
मग तिचं डोकं दोन्ही हातांत धरून
डाव्या खांद्याकडे झुकवलं.
डावा डोळा वर सरकला,
गवंड्याच्या लेव्हलमधल्या बुडबुड्यासारखा.
"जुने फोटो आहेत का घरी?"
मला विचारतात!

खोकंभर नेले.
शाळेचा गट, तिसरी रांग, रिबिनी: मान उजवीकडे.
जत्रेत, भावाला कडेवर घेऊन: उजवीकडे.
लग्नात मी तिच्या उजव्या हाताला,
गळ्यात एवढाले हार,
आणि तिची मान माझ्याकडे.
हा फोटो दर्शनी काचेत कित्येक वर्षं होता.
जोडपी यायची, बोट दाखवून म्हणायची,
अगदी असाच काढा.

"चौथी नस. बहुतेक जन्मापासूनच लुळी.
मान कलती ठेवली की दोन चित्रं
एकावर एक बसायची. आता ताण झेपेना."
डॉक्टर सांगत होत्या.
कुंदा लग्नाचा फोटो बघत होती.
"पळे," ती म्हणाली, "आनी तुका दिसतालें..."
आणि हसली. पुढचं बोललीच नाही.

आधी चष्म्यावर प्रिझम चिकटवला.
मग वर ओढणारा दुसरा स्नायू
टेबलावर घेऊन सैल केला.
डोळा आठवडाभर रातांब्यासारखा लाल.
आता पायऱ्या असतात तेवढ्याच दिसतात.

काल पासपोर्टसाठी तिचा फोटो काढला.
पांढरा पडदा, दोन दिवे, स्टूल.
कॅमेऱ्यातून एक बाई
सरळ माझ्याकडे बघत होती.
माझी दोन बोटं पुढे गेली,
हनुवटीपाशी थांबली.
"किदें?" ती म्हणाली. "वाकडी आहे?"
"नाही," म्हटलं.
"हलू नकोस."