ओला फळा

डोंगरेमास्तरांच्या पुण्यानुमोदनाला
त्यांच्या सुनेनं माझ्या हातात डबा दिला.
श्रीखंडाचा जुना, प्लास्टिकचा.
आत खडूचे तुकडे, एक फडकं
आणि विहाराच्या गेटची जादा किल्ली.
‘काकू, तुमचं अक्षर बरं आहे,’
एवढंच म्हणाली.

तेव्हापासून पहाटे पाचला
बेझनबागच्या गल्लीतून निघते.
डिसेंबरात मोज्यांवर चप्पल,
अंगठा मोज्यासकट अडकवायचा.
मे महिन्यात पहाटेही भिंती तापलेल्या,
हात टेकला
तर ताप आलेल्या लेकराच्या कपाळासारख्या.

विहारात कुणी नसतं.
पायरीवर एक कुत्रा असतो.
मी वंदना म्हणू लागले की शेपटी हलवतो,
तिसऱ्यांदा शरण जाईपर्यंत
त्याला झोप लागलेली असते.

मग बसते. श्वास मोजते.
चारपर्यंत बरं चालतं,
पाचाला सिलेंडर संपत आल्याचं आठवतं,
सहाला जावेचं ते बोलणं,
अकरा वर्षांपूर्वीचं, अजून ताजं.
परत एक.

उठून फळा पुसते, ओल्या फडक्यानं.
ओल्या फळ्यावर लिहिलं
की अक्षर आधी दिसत नाही.
पहिल्या दिवशी मला वाटलं खडूच खराब,
तेच तेच गिरवत बसले.
नंतर कळलं, थांबायचं असतं.
वाळता वाळता उमटतं आपोआप,
आणि गिरवलेलं तेवढं जाड, वेडंवाकडं दिसतं.

काय लिहिते?
मोठं काही नाही.
‘राग आला की आधी पाणी प्या.’
‘कालच्या भांडणाला आज चहा पाजू नका.’
‘मोजताना चुकलात? एकपासून सुरू करा.
इथं कुणी मार्क देत नाही.’
चरणदास ऑटो बंद न करता वाचतो,
नर्सिंगच्या पोरी वेणी घालत घालत वाचतात.
मेश्रामचा बुढा वाचत नाही,
विचारतो, ‘आज काय हाय व बाई?’

जुलैत संघपालची भरती हुकली.
सोळाशे मीटरला चार सेकंद.
वर्षभर धावला पोरगा,
कस्तुरचंद पार्कच्या चिखलात बूट झिजवले,
आणि चार सेकंद.
खोलीचं दार लावून घेतलं त्यानं.
ताट बाहेर ठेवायची, ताट बाहेरच.

चौथ्या पहाटे गेले विहारात.
मूर्तीचे डोळे मिटलेले,
माझ्यासाठी काही खास मिटलेले नव्हते,
रोजच असतात.
मास्तर म्हणायचे,
बाई, इथं मागायचं नसतं, बसायचं असतं.
बसले.
एकच्या पुढे आकडा गेला नाही.
रडले म्हणायलाही काही नव्हतं,
नाक तेवढं वाहत होतं.

फळ्यापुढे उभी राहिले.
शील, करुणा, धीर, सगळे शब्द
दुसऱ्याच्या घरचे वाटले.
शेवटी लिहिलं,
‘आज काही सुचलं नाही. तरी आले.’
लाज वाटली. पुसावं म्हटलं,
पण फडकं वाळून गेलं होतं
आणि नळ गेला होता.

दुसऱ्या दिवशी पाहते,
खाली कुणीतरी विटेच्या तुकड्यानं
लाल, तिरप्या अक्षरांत लिहिलेलं,
‘हाव व माय. आमीबी.’

कोण, ते अजून माहीत नाही.
चरणदासला विचारलं, तो हसला,
म्हणजे तो नसावा.
तेवढा कोपरा सोडून
मी बाकीचा फळा पुसते.
बाजूनं पाणी ओघळतं, लाल पुसट होत चाललंय,
होऊ दे.

आज निघताना
संघपाल अंगणात उभा होता, दात घासत.
बोलला काही नाही.
माझ्या हातातला डबा घेतला, उलटसुलट पाहिला.
झाकण घट्ट बसत नाही कधीचं.
आत गेला, एक रबर आणलं,
दोन वेढे दिले
आणि डबा परत दिला.