चार आण्यांची कोंबडी

मॉर्वेनने गाडी लिफ्टवर चढवली
आणि मी पहिल्यांदाच तिच्या पोटाखाली उभी राहिले.
चौदा वर्षं चालवली, खालून कधी पाहिली नव्हती.
टॉर्चचा गोळा सरकत गेला
एक्झॉस्टवरून, स्प्रिंगवरून, ब्रेकच्या पाइपांवरून,
आणि दाराखालच्या पट्टीशी थांबला.
तिने स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला,
तो आत गेला, चहात भिजलेल्या खारीत जावा तसा.

"मीठ," ती म्हणाली.
कर्कॉडीत हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात,
उरलेलं समुद्र घरपोच देतो.

एमओटीच्या कागदावर तीन सदरं.
धोकादायक: एक. गंभीर: चार.
आणि 'लक्ष असू द्या' याखाली इतकं काही
की मला सासूबाईंची जुनी पत्रं आठवली.
खर्च नऊशे दहा पौंड.
गाडीची किंमत, कुणी दिलीच तर, पाचशे.
भंगारवाला एकशे ऐंशी देतो, न्यायला स्वतः येतो.

आमच्याकडे म्हणतात,
चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला.
मी तिला समजावून सांगितलं.
ती जरा विचारात पडली.
"पण कोंबडी झाली कशी होती?"

घरी मत विचारलं होतं.
जयवंत म्हणाला, हप्त्यावर नवी घे, डोक्याला ताप नको.
निहार ग्लासगोहून म्हणाला, आई, आता इलेक्ट्रिकच.
हाच निहार, बर्नटायलंडच्या जत्रेतून येताना
मागच्या सीटवर जे ओकला होता
त्याचा फिकट नकाशा अजून आहे.
कुठल्या देशाचा, ते आम्ही अधूनमधून ठरवतो.

मी रेडिओग्राफर. माणसं काळ्या-पांढऱ्यात बघते.
श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा.
पडद्यावर आलं ते चेहऱ्यावर येऊ द्यायचं नाही,
अर्धं काम तेवढंच.
कपडे घालता घालता विचारतात, काही आहे का हो?
मी म्हणते, डॉक्टर सांगतील.

टॉर्च तसाच वर धरून मॉर्वेन म्हणाली,
"मार्चमध्ये माझ्या आईचा फोटो तूच काढलास.
हात गार होते म्हणाली, पण घाई नव्हती त्यांना.
बाहेर आल्यावर म्हणाली,
त्या बाईने मला कोट चढवायला मदत केली,
आत गोळा झालेली बाहीसुद्धा ओढून सरळ केली.
तेव्हाच कळलं मला."

वरून एक थेंब पडला,
तेलाचा की पाण्याचा, मी पाहिलं नाही.
आई कशी आहे, हे विचारायचं होतं.
विचारलं भलतंच:
"तुझी असती, तर काय केलं असतंस?"

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो.
तुमची आई असती तर? तुमचा भाऊ असता तर?
मी आजवर एकदाही उत्तर दिलेलं नाही.

तिने दिलं.
"पाइप बदलते. पट्टी कापून नवी वेल्ड करते.
स्प्रिंग जुनी मिळते का बघते, सहाशेत बसवते.
पण एक वर्ष. दोन नाही.
पुढच्या वर्षी विचारायला येऊ नकोस,
मी नाहीच म्हणणार आहे."

डिकी मी सकाळीच रिकामी करून आणली होती,
न जाणो, म्हणून.
पिशवीत टॉवेल, हळदीचा डाग पडलेला,
निहारचा डाव्या हाताचा एकच मोजा,
पार्किंगची चिल्लर, बर्फ खरवडायची पट्टी.
पिशवी घेऊन एस्प्लनेडवरून चालत निघाले.
भरती होती. लाटा कठडा ओलांडून रस्त्यावर येत होत्या,
उभ्या गाड्यांवर, नव्या-जुन्या न बघता.

बाकापर्यंत गेले आणि मागे वळले.
गाडी अजून वरच होती,
म्हणून बर्फाची पट्टी मॉर्वेनच्या हातात दिली.
"ड्रायव्हरच्या सीटखाली ठेव," म्हटलं.
ती म्हणाली, "हो, तिथेच असते."