ना-चार, ना-अकरा

दोन्ही बाटल्यांत रक्त माझंच.
ओ पॉझिटिव्ह, दर तिसऱ्या आठवड्याला दहा मिली,
डाव्या हातातून, कारण उजव्याने नोंदी करायच्या असतात.

ना-चार आला सुरगाण्याच्या पलीकडून,
हिरामण भोये, वय नऊ, ताप एकशे चार.
ना-अकरा पाथर्डी फाट्याच्या अर्धवट इमारतीतून,
नवव्या मजल्यावर प्लास्टर करणाऱ्या एकाचा.
त्याचं नाव लागत नाही,
फॉर्मवरची शाई घामाने पसरलेली.

सदतीस अंश. काचेच्या भांड्यात मेणबत्ती लावते,
झाकण सरकवते, ज्योत हवा खाऊन विझते.
तेवढाच प्राणवायू त्यांना मानवतो.
वॉचमन गांगुर्डे विचारतात, ताई, कोणता देव?

सकाळी ना-अकराचं पाणी पिवळं.
रात्रीत साखर फस्त,
सगळी बाटली आंबवून ठेवलेली.
हा रविवार पाळत नाही, पाडवा पाळत नाही;
भाऊबीजेला ओवाळणं उरकून
मी तशीच जरीच्या साडीत स्कूटरवर, गंगापूर रोड.

ना-चार लाल तो लालच.
तेच रक्त, तीच साखर, तीच विझलेली ज्योत,
आणि हा टिपतो चिमणीसारखा.

फेब्रुवारीत दोघांचं एक अमिनो आम्ल तोडलं,
माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये जे मुळात नसतंच,
बाहेरून मागावं लागतं.
चौथ्या दिवशी ना-अकरा कोलमडला
(फ्रीजरमधली त्याची दुसरी कुपी काढावी लागली).
ना-चार नुसता थांबला.
स्लाइडवर निळी अंगठी, त्यावर लाल खडा,
ना वाढ, ना मरण.
सहाव्या दिवशी दिलं,
तर डुलकी लागलेल्या माणसासारखा उठून कामाला.

मी वहीत लिहिलं: डोंगरातला आहे, उपास जाणतो.
वारुणी मॅडमनी त्यावर काट मारली.
एका मुलाचा एक नमुना, गोष्ट रचू नकोस,
आलेख काढ.

खरंच आहे. हिरामणचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला तेव्हा
त्याने वॉर्डात तीनदा खिचडी मागून घेतली,
चौथ्यांदा शेजारच्या खाटेवरची.
त्याचा आता सहावीचा वर्ग असेल.
आपल्यातलं काही इथे अजून जेवतंय
हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.

प्लास्टरवाल्याचं पुढचं रजिस्टरात नाही.
इमारत झाली. नवव्या मजल्याला पडदे लागले,
मोरपंखी.

आज पुन्हा पिवळं.
मी बाही वर सरकवते.