ऐच्छिक

पहाटे पाचला इंडियानात
मक्याच्या थोटांवर धुकं पडलेलं असतं,
आणि कारखान्याच्या कुंपणाला टेकून
चाळीसेक सायकली.
मागच्या चाकावर फळकूट बांधलेली, ती एनोस बॉर्नट्रेगरची.
तो मोटार चालवत नाही, चालवणारही नाही,
त्याच्या मंडळीत ते बसत नाही.
दिवसाला अकरा चाकांवरची घरं बांधतो मात्र.
घरं म्हणजे घरांची आतडी :
प्यायचं पाणी, राखाडी पाणी, काळं पाणी,
तिघांच्या टाक्या वेगळ्या, वाटा वेगळ्या,
एकाचा विटाळ दुसऱ्याला होता कामा नये.

माझ्या पिशवीत जाडजूड पुस्तक असतं.
नळीला उतार किती, आधार किती अंतरावर,
वास नेणारी नळी छपरावर किती बोटं निघावी.
जमिनीतल्या घरांसाठी असलं पुस्तक सरकारी.
माणूस येतो, शिक्का मारतो, नाहीतर दंड.
ही घरं उद्या कुठल्या राज्यात उभी असतील कोण जाणे,
म्हणून बांधणाऱ्यांनीच एकत्र बसून
आपल्याच गळ्यात बांधून घेतलेलं हे लोढणं.
मी न सांगता येते.
एवढाच काय तो धाक.

मला विचाराल तर सगळ्यात सुंदर
मोरीखालचा तो बाक.
सरळ जाणाऱ्या नळीला मुद्दाम दिलेलं पोक,
त्यात ओंजळभर पाणी अडून राहतं
आणि खालचा वास वर चढत नाही.
दार नाही, कडी नाही,
पाण्याची राखण पाणीच करतं.
खड्ड्यातून गाडी हिंदकळली की ओंजळ सांडते,
त्यामुळे पुस्तकात
ओंजळीचीही खोली मोजलेली.

मार्चमधला गुरुवार होता.
नळ्यांत हवा भरली, काट्याकडे बघत बसलो.
ठरलेली मिनिटं काटा हलला नाही.
मी सही केली, टोपण लावलं, वळले.
एनोस म्हणाला, "थांबा. पुन्हा भरा."

इथे मोल नगावर मिळतं.
मागची घरं अडली, पुढची रिकामी गेली,
तीस माणसं हात लोंबकळत उभी,
कुणीतरी हातोडीनं उगाच फळी ठोकत होतं,
मुकादम ड्वेन फ्रांट्झनं घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
जणू मीच काही केलंय.
एनोस टबाखाली सरपटत गेला,
ब्रशनं साबणाचं पाणी लावत.
बऱ्याच वेळानं म्हणाला, "आहे."
मसुराएवढा बुडबुडा.
फुगला, फुटला, पुन्हा फुगला.

सुट्टीत मी म्हटलं, मी तर सही केली होती.
त्यानं डब्याचं झाकण पुसलं.
"आमच्याकडेही एक नियम आहे. लिहिलेला नाही.
विसाव्या वर्षी विचारतात, घेतोस का?
नाही म्हणता येतं. माझा भाऊ म्हणाला."
"आणि तू?"
"मी घेतला."
पुढे काही बोलला नाही. लोणच्यातली काकडी कुरकुर खाल्ली,
अर्धी मला दिली.

दुपारी गोशेनला घरी आले.
तळघरातली न्हाणी कर्टिसची.
तीन वर्षं झाली, तिथे कुणी तोंडही धूत नाही.
हल्ली जिन्यापर्यंत एक वास येतो,
मी उदबत्तीसारखी मेणबत्ती लावते आणि वरचं दार ओढून घेते.
माझ्यासारखीला कळायला हवं होतं :
वापर नसला की बाकातली ओंजळ आटते.
दुसरं काही बिघडलेलं नसतं.

तांब्याभर पाणी घेऊन खाली गेले.
दिवा लागायला वेळ लागला.
त्याचा दात घासायचा ब्रश अजून पेल्यात,
केस सगळे एका बाजूला झुकलेले.
जाळीत पाणी ओतलं.
आधी नळीनं घोट घेतला,
मग पाणी थांबलं.

इथे कुणी न सांगता येत नाही.
कुठल्या पुस्तकात हे लिहिलेलं नाही.
तांब्या तिथेच ठेवला, बेसिनखाली,
महिन्यानं पुन्हा लागेल.