मकरपुऱ्याकडे थोडं

अहमदाबाद रोज यायचं. अँटेनाचं तोंड छाणीकडे केलं की
स्वच्छ, गुजरातीत, कपाशीवरच्या किडीसकट.
मुंबईचं तसं नव्हतं.
मुंबई यायची उकाड्याच्या रात्री, वारा पडला की,
तीही आली तर.
दांडिया बाजारातल्या आमच्या तिसऱ्या गच्चीवर
नाना अँटेना दोन्ही हातांनी धरून उभे,
हट्टी म्हशीची शिंगं धरावीत तसे.

खाली मी, पडद्यापुढे.
मध्ये जिन्यात रश्मिकांतभाई,
कारण नानांचा आवाज खालपर्यंत पोचायचा नाही.
आलं का?
आव्युं के?
मुंग्या!
कीडीओ ज छे, नानासाहेब!
मकरपुऱ्याकडे थोडं करतो. आता?
आणि मुंग्यांच्या वारुळातून एक बाई
मान किंचित कलती करून
मराठी बोलायला लागायची.

आमच्या घरातलं नव्हे.
आमच्याकडे दूध ढोळायचं, भाजी कुणाला गमायची नाही.
तिचं मराठी इस्त्रीचं.
आई पदर सारखा करून बसायची,
न जाणो, तिलाही आम्ही दिसत असलो तर.

पुरतं असं काहीच पाहिलं नाही.
नाटकातला खून कोणी केला, मला अजून माहीत नाही.
दंतमंजनाच्या जाहिरातीतले आजोबा अक्रोड दाढेखाली धरायचे
आणि तिथंच जायचे, अक्रोडासकट.
केंद्राचं चिन्ह फिरत फिरत यायचं,
जुळायच्या आधीच विरायचं.
सगळ्यात स्पष्ट यायची ती पाटी :
व्यत्ययाबद्दल क्षमस्व.
एकदा तीन मिनिटं एक अक्षर हललं नाही.
काय लागलंय? नानांनी विचारलं.
माफी मागतायत, मी म्हटलं.
माफी मागे छे, रश्मिकांतभाईंनी वर कळवलं.
नाना जरा वेळ गप्प.
मग वरून : कोणाची?

आणि शनिवारचा तो शिंपी कावळा.
चोचीत सुई, मागे लांबच लांब धागा,
जंगलातल्या दारोदार हिंडायचा.
वसूनं आणि मी त्याच्यापायी
आईच्या दोन चोळ्या उसवल्या, तिसरी शिवली.

लग्नानंतर ठाण्याला नणंदेला विचारलं,
तो कावळा आठवतो का गं?
कसला कावळा? पोपट होता तो. हिरवागार.
आणि शिंपी कुठला, टपाल वाटायचा.
चोचीत पाकीट असायचं.
मग तो धागा?
धागा नव्हताच, ती म्हणाली,
त्या रेघा तुमच्याकडच्या.

मी वाद घातला नाही. पण कावळाच होता तो.

गेल्या दिवाळीत वसूला माळ्यावर कॅसेट सापडली,
टेपरेकॉर्डर टीव्हीपुढे धरून मी भरलेली.
वर माझं तेव्हाचं अक्षर : मुंबई, चांगलं आलेलं.
लावली.
नुसती खरखर. कुकरची एक शिट्टी.
बाईचं अर्धं वाक्य, '...यानंतर पाहू या',
पुन्हा खरखर.
मग खूप लांबून, विहिरीच्या काठावरून हाक द्यावी तसं,
आलं का?
जवळून, आव्युं के?
मुंग्याच होत्या, ऐकूनही कळतं.
पण ते पाऊण तास उभे होते वर,
आणि मी नऊ वर्षांची, ठणठणीत आवाजात :
आलं!

जिन्यात चपला. एक मजला, दुसरा.
खुर्ची ओढल्याचा आवाज.
खरखर चाललेलीच.
मग नाना, अगदी माइकपाशी, धापा टाकत :
हां.
आज बरं येतंय.